पाऊण सेकंदाच्या आधी

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, यातच मी खूश आहे. फोन का केला नाही म्हणशील. फोन तू ठेवून दिलास की मला कळतं. पत्र फेकलंस तर कळत नाही. आठ वर्षांनंतर तेवढी सोय मी माझ्यासाठी ठेवली आहे.

आईची तब्येत बरी आहे. रविवारी ती तुझ्याशी बोलते तेव्हा मी भाजी आणायला जाते, हे तुला माहीत असेलच. एवढी भाजी दोघींना लागत नाही. तुझ्या मुंगीचं तिसरं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडूनच कळलं. चौदा वर्षांच्या मुलीला आता मुंगी म्हणत नसाल. डावा पाय अजून किती आखूड आहे, हे आईला विचारायचा मला धीर होत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. मी अजून त्याच संस्थेत आहे, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाई माणसाच्या मनाचा अभ्यास करतात. त्या विचार करतात आणि मी तारा जोडते. सध्या त्यांनी एक प्रश्न धरला आहे. अपघातातून वाचलेली माणसं सांगतात की त्या वेळी सगळं हळू झालं, काच एकेका तुकड्याने फुटताना दिसली. तर भीतीने वेळ खरोखर हळू होतो का?

हे तपासायला मी मनगटावर बांधायची एक डबी केली आहे. तिच्यावर एक आकडा उमटतो आणि लगेच त्याचा उलटा, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. हे इतकं भराभर होतं की डोळ्यांना नुसता राखाडी चौकोन दिसतो. आता माणसाला ही डबी बांधून उंच मनोऱ्यावरून खाली जाळ्यात सोडायचं. त्याच्यासाठी वेळ खरंच हळू झाला, तर पडता पडता त्याला आकडा वाचता आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात पहिली व्यक्ती पडेल. ती मी आहे. बाईंनी सांगितलं नव्हतं, मीच नाव दिलं. का, ते तुला कळेल.

तुझी बहीण

१४ फेब्रुवारी

दादा,

पडले. सगळी हाडं जागेवर आहेत.

मनोरा चोवीस मीटरचा आहे. पट्ट्याला पाठीमागे हूक असतो, आपण आकाशाकडे तोंड करून लोंबकळत राहायचं, आणि बाई काही न सांगता हूक सोडतात. मी मनगट डोळ्यांसमोर धरलं होतं. सुटल्यावर पोट वरच राहिलं आणि बाकीची मी खाली गेले. ते संपेचना. मला वाटलं जाळं काढून टाकलंय. मनोऱ्याच्या एकेका आडव्या दांडीवरचा गंज दिसला. खालच्या माणसाने डोक्यावरचा हात खाली घेतला तो दिसला. मग जाळ्याने झेललं.

बाईंनी लगेच हातात स्टॉपवॉच दिलं. म्हणाल्या, "डोळे मिटून मनातल्या मनात पुन्हा पड आणि जेवढा वेळ लागला तेवढा दाब." मी दाबलं. सहा सेकंद भरले.

खरा वेळ होता दोन पूर्णांक दोन सेकंद.

आणि आकडा वाचता आला नाही. राखाडी चौकोनच होता, मनोऱ्यावर आणि पडतानाही. माझ्यानंतर एकोणीस जण पडले. सगळ्यांना वेळ लांबल्यासारखा वाटला आणि एकालाही आकडा दिसला नाही.

बाई समजावून सांगत होत्या. पडताना काहीच हळू होत नाही. एरवी मेंदू बरंचसं वाया घालवतो, पण जीव धोक्यात आला की तो काहीच टाकत नाही, सगळं साठवतो. मागाहून आपण ती आठवण उघडली की तिच्यात इतकं भरलेलं असतं की आपल्याला वाटतं, एवढं घडायला खूप वेळ लागला असणार. वेळ लांब नव्हता, आठवण जाड होती.

मी तिथून उठले आणि जिन्यात बसून कागदावर गणित केलं. आपल्या परसातली भिंत, वरच्या अंगणापासून खालच्या अंगणापर्यंत, अंदाजे तीन मीटर. तिच्यावरून पडणारी वस्तू पाऊण सेकंदात जमिनीला लागते. वर थोडंसं.

पाऊण सेकंद, दादा. मुंगी पडली त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला म्हणाला होतास, "तू उभी होतीस. वेळ होता. मी मोजत असतो तर दहापर्यंत मोजलं असतं. तू हातात ती सोल्डरिंगची गन धरून नुसती उभी होतीस." मी म्हणाले होते की क्षणात झालं. तू म्हणालास मी खोटं बोलते.

आता ऐक. मी खोटंच बोलत होते, कारण मलाही ते दहा सेकंदांसारखं आठवतं. मुंगीचा फ्रॉक वर उडालेला, एका पायातली चप्पल सुटलेली, माझे पाय जमिनीत रुतलेले. आठ वर्षं मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा ते मोजलंय. पण आपण दोघंही चुकीचं मोजत होतो. ते दहा सेकंद कधी नव्हतेच. डोळ्यांनी पाहून पाय उचलायलाच पाव सेकंद जातो. उरलेल्या अर्ध्या सेकंदात माझ्या कामाच्या टेबलापासून भिंतीपर्यंत कोणीही पोचलं नसतं. तू नसतास. धावपटू नसता.

हे तुला कळावं एवढंच.

तुझी बहीण

२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मला स्वस्थ बसवत नाही. कामावर दोन वेळा उलटी जोडणी केली आणि एक डबी जाळली.

"अंदाजे तीन मीटर" हे मला टोचत होतं, म्हणून परवा टेप घेऊन जुन्या घरी गेले. आता तिथे एक शिंपी राहतो, बायको आणि दोन शिलाई मशीनसह. मी म्हटलं, या घरात आम्ही वाढलो, मला परसातली भिंत मोजायची आहे. तो म्हणाला, "मोजा. पाडायला आल्या असाल तर आधी मालकांशी बोला." टेपचं वरचं टोक त्यानेच धरलं. शिंप्याचा हात, एक दोरासुद्धा इकडे तिकडे झाला नाही. दोन मीटर नव्वद. माझं टेबल जिथे असायचं तिथपासून भिंत साडेचार मीटर. म्हणजे शून्य पूर्णांक सत्याहत्तर सेकंद.

त्याच्या बायकोने विचारलं, इथे काही झालं होतं का? मी म्हटलं, माझी भाची घसरून पडली होती. तिने लगेच आपल्या लहान मुलाला आत बोलावलं.

तळमजल्यावर एक म्हातारे पदार्थविज्ञानवाले आहेत. संस्थेची अचूक घड्याळं त्यांच्या ताब्यात असतात, म्हणून आम्ही त्यांना घड्याळवाले म्हणतो. त्यांना माझं गणित दाखवलं. म्हटलं, वेळ इतका फसवा कसा? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्या समीकरणांत वेळ वाहतच नाही," ते म्हणाले. "कालचा दिवस, आजचा, उद्याचा, सगळे जिथल्या तिथे आहेत, शहराच्या नकाशातल्या गल्ल्यांसारखे. आपण एका गल्लीत उभे आहोत म्हणून मागची पुसली जात नाही. 'आत्ता' नावाची खूण त्या नकाशावर कुठेच नाही. ती कोण करतं, ते तुमच्या तिसऱ्या मजल्यावर विचारा."

मी म्हटलं, "म्हणजे जे झालं ते अजून आहे?"

"आहे म्हणा. निदान ते नाही असं मला सिद्ध करता येत नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, की आपले बाबाही कुठल्यातरी गल्लीत पेपर वाचत बसले असतील. पण मला दुसरंच दिसलं. मुंगी अजून त्या भिंतीवर उभी आहे.

मग त्यांनी माझा कागद पुन्हा पाहिला. "हे उत्तर घसरलेल्या माणसाचं आहे," ते म्हणाले. "घसरणारा सरळ खाली येतो, भिंतीच्या पायाशी. उडी मारणारा आधी थोडा वर जातो, त्याला जास्त वेळ लागतो, आणि तो लांब पडतो. मुलगी भिंतीपासून किती अंतरावर पडली होती?"

मी म्हटलं, आठवत नाही. आणि घड्याळांना तेल घालावं लागतं का, असं काहीतरी विचारलं.

तुझी बहीण

१५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांनंतर तीन वाक्यं. पाठ झाली आहेत.

"पाऊण सेकंद मान्य. पण त्याच्या आधी ती भिंतीवर उभी होती, तो वेळ मोजलास का? मी वरच्या खिडकीतून तिला पाहत होतो, आणि खाली तू आहेस म्हणून ओरडलो नाही."

शेवटचं वाक्य मला माहीत नव्हतं. तू खिडकीत होतास हे माहीत होतं. तू ओरडायच्या बेतात होतास आणि माझ्या भरवशावर थांबलास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

पण दादा, मी काम करत होते. एका रेडिओची आतली पाटी उघडली होती, टाचणीच्या टोकाएवढा बारीक सांधा होता, त्यावर नजर होती. मी वर पाहिलंच नाही. ती कधी चढली, किती वेळ उभी होती, मला काय माहीत? मूल भिंतीवर चढलेलं तुला वरून दिसतं, आणि पाहायला हवं होतं मी? तू बाप आहेस. खिडकी उघडायला किती वेळ लागतो? तेही मोजून बघ.

मी हे रागात लिहिते आहे आणि असंच पेटीत टाकणार आहे.

१६ मार्च

कालचं पत्र टाकलं. सकाळी पेटी उघडणाऱ्या पोस्टमनची वाट पाहत उभी राहिले, म्हटलं परत मागावं. तो म्हणाला, एकदा आत गेलं की ते माझंही नाही आणि तुमचंही नाही. म्हणून हे दुसरं. खिडकीचं जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. बाकीचंही.

२३ मार्च

दादा,

मुंगीने मला फोन केला होता. कामाच्या ठिकाणी, दुपारी. संस्थेचा नंबर तिने शोधून काढला. तिला रागावू नकोस. आधी सगळं वाच, मग कोणाला रागवायचं ते ठरव.

ऑपरेटर म्हणाली, कोणी मुलगी आहे, नाव सांगत नाही, "मुंगी म्हणा" म्हणते. मी रिसीव्हर घेतला. आवाज ओळखीचा नव्हता. केवढा मोठा झालाय.

म्हणाली, "आत्या, बाबांनी तुझी पत्रं कपाटात शर्टांखाली ठेवली आहेत. मी वाचली."

मी म्हटलं, "दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत."

"माझ्याबद्दलच आहेत ना." आणि मग, "तू एक गोष्ट लिहीत नाहीस."

शेजारी बाई उभ्या होत्या, त्या आपणहून बाहेर गेल्या.

"मीपण सांगितली नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये सगळे विचारत होते, आणि तू कोपऱ्यात रडत होतीस. मला वाटलं, खरं सांगितलं तर तुला ओरडतील. म्हणून मी घसरले म्हणाले. मग तेच राहिलं."

दादा, ती तेव्हा सहा वर्षांची होती. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. आणि तिने मला वाचवायचं ठरवलं. आणि मी तिला ते करू दिलं.

मी विचारलं, "मग आता का सांगतेस?"

"कारण मला घसरण्याचा कंटाळा आलाय. शाळेच्या तलावावर उंच फळीवरून सूर मारायला शिकवतात. डॉक्टर म्हणतात पायाला चालेल, उलट चांगलं. बाबा नाही म्हणतात. म्हणतात, तुझा तोल जातो, तू लहानपणी नुसत्या उभ्या उभ्या पडलीस. आत्या, माझा तोल गेला नव्हता. मी नीट उडी मारली होती. चांगली मारली होती. ते कोणालाच माहीत नाही."

मी म्हटलं, मी बाबांना सांगते. तिने विचारलं, नक्की? मी नक्की म्हणाले. तिने लगेच विश्वास ठेवला, हेच मला सहन होत नाही.

तर सांगते. आतापर्यंत पाच पानं लिहून फाडली. हे सहावं.

तुला आमचा खेळ माहीत नव्हता. तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा ती परसातल्या पायऱ्यांवर चढायची आणि म्हणायची, "आत्या, येऊ का?" मी हात पसरून "ये" म्हटलं की उडी मारायची आणि मी झेलायची. तिसऱ्या पायरीवरून सुरुवात झाली. मग चौथी, मग पाचवी. शंभर वेळा तरी झेललं असेल. कधी सुटली नाही.

त्या दिवशी मी टेबलाशी उभी होते, सोल्डरिंग गन तापलेली. वरून आवाज आला, "आत्या, येऊ का?" आणि मी "ये" म्हणाले.

मी तुला लिहिलं की वर पाहिलंच नाही. ते खरं नाही. आधी एकदा पाहिलं होतं. ती भिंतीवर उभी आहे हे मला दिसलं होतं. मनात आलं, उतरव तिला, पण तो सांधा थंड होईल, एवढा झाला की उतरवते. आणि मान खाली घातली. किती वेळ, विचारतोस ना? एक सांधा जोडायला लागतो तेवढा. तो वेळ खरा होता. तो लांब होता, आठवणीत नव्हे, घड्याळात. तू दहापर्यंत मोजलेस ते कदाचित तेच असतील.

मग तिने विचारलं, आणि मी हातातल्या कामावरून नजर न काढता "ये" म्हणाले. पुढचं तू पाहिलंस.

आमच्या बाईंचा आणखी एक प्रयोग आहे. माणसाला वाटतं आपण ठरवलं आणि मग बोट हलवलं, पण डोक्याला चिकटवलेल्या तारा दाखवतात की त्याला कळायच्या आधीच आत हालचाल सुरू झालेली असते. त्या तारा मीच चिकटवते. कितीतरी दुपारी मी तो आलेख पाहत स्वतःला सांगितलंय की ते "ये" मी म्हणालेच नाही, शंभर वेळांच्या सवयीने ते आपोआप निघालं, मला कळलं तेव्हा म्हणून झालं होतं. असेलही तसं. एकदा बाईंना विचारलं होतं, मग माणूस जबाबदार कसा? त्या म्हणाल्या, "ते आलेखात दिसत नाही. ते तू नंतर काय करतेस त्यात दिसेल." नंतर मी आठ वर्षं गप्प बसले. ते तर आपोआप झालं नाही. रोज नव्याने ठरवून केलं.

ती भिंतीच्या पायाशी पडली नव्हती. सव्वा मीटर लांब पडली होती. अंतर मला पहिल्या दिवसापासून आठवतं. घड्याळवाल्यांना नाही म्हणाले तेही खोटंच.

ती घसरली नाही, दादा. मी बोलावलं म्हणून आली.

आईला आज संध्याकाळी सांगणार आहे.

तुझी बहीण

६ एप्रिल

दादा,

काल रविवारी आईने फोन माझ्या हातात दिला तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. पिशवी खांद्याला लावलीसुद्धा होती. आई म्हणाली, "भाजी आहे घरात."

तू म्हणालास, "मला वाटायचं, मी खिडकी उघडली असती तर." मी म्हटलं, तुझा काही दोष नव्हता. तू म्हणालास, "हे तुला आठ वर्षांपूर्वीच सांगता आलं असतं." तुझा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणालास, माफ करणं वगैरे आत्ता विचारू नकोस. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

वहिनी मागून काहीतरी म्हणाल्या, तेव्हा तू सांगितलंस की मुंगीच्या तलावाच्या अर्जावर सही केलीस. मला वाटतं तेवढ्यासाठीच तू फोन धरून होतास, ते मला सांगायला.

शेवटी तू विचारलंस, "उडी मारताना ती घाबरली होती का?" मी म्हणाले, "नाही, हसत होती." आणि फोन बंद झाला. तू ठेवलास की लाइन गेली, मला कळलं नाही. आई म्हणाली पुन्हा लाव. मी म्हटलं, लिहिते. हे फोनवर मला धड सांगता आलं नसतं.

रात्रभर विचार करत होते की तू तेच का विचारलंस. मग लक्षात आलं. तू वर होतास, तिच्या मागे. तुला तिची फक्त पाठ दिसली. इतकी वर्षं तू त्या पाठीला एक चेहरा लावत आला असणार, आणि तो भ्यालेला असणार. मी समोर होते. "ये" म्हणून झाल्यावर मान वर केली तेव्हा तिचे पाय भिंतीवरून सुटलेच होते. ती आठवण माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. मेंदूने काही टाकलं नाही म्हणतात, ते त्या आठवणीपुरतं खरं आहे. म्हणून नीट सांगते.

समोरचे दोन दात पडलेले होते. केसांतली क्लिप निसटून कानावर आली होती. हात दोन्ही बाजूंना नव्हते, पुढे होते, गळ्यात पडायला निघालेले. डोळे सताड उघडे. पायरीवरून उडी मारताना ती डोळे मिटून घ्यायची. त्या दिवशी नाही मिटले. तिला बघायचं होतं, मी कशी झेलते ते. माझ्या हातात गन आहे, मी लांब आहे, हे तिला दिसलं असणार, तरी चेहरा बदलला नाही. तिला माझ्याबद्दल शंकाच नव्हती.

भीती तिला नंतर वाटली, दुखायला लागल्यावर, आपण सगळे धावत आल्यावर. त्याआधी नाही. जमिनीला पाय लागेपर्यंत ती हसत होती.